झाशीतील मराठी मुलांचा ‘ळ’

नेवाळकरांच्या काळापासून झाशीत मराठी कुटुंबे नांदत आली आहेत. लिपी एकच, तेव्हा मूल हिंदी शिकले की मराठी आपोआप वाचील, या समजुतीवर पालक निर्धास्त राहतात. ही समजूत भाबडी आहे. बालवाडीतील हिंदी तक्त्यावर ‘ळ’ नसतो. ‘चार’ आणि ‘चाक’ यांतील ‘च’चा भेद तर कोणताच तक्ता दाखवीत नाही. तो कानानेच शिकावा लागतो. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ नंतर बोर्डीस बालवाडी मुलांच्या अंगणात नेली. झाशीत ते अंगण घरातच मांडावे लागेल. निजण्यापूर्वी आजीने मोठ्याने वाचावे, नातवाने ओळीवर बोट फिरवावे. पाटीवर गिरविण्याची घाई मात्र चौथ्या वर्षी नको.