साठ वर्षांपूर्वीचा कोड, आजचे पैसे: जुनी कॉम्प्युटर यंत्रणा बदलणं इतकं अवघड का आहे?

भंडाऱ्याहून साकोलीकडे निघालं की वैनगंगेवर कारधा लागतं. इथे नदीवर एक ब्रिटिशकालीन पूल आहे आणि शेजारी महामार्गाचा मोठा पूल. मोठा पूर आला की जुना पूल पाण्याखाली जातो. पण नवा पूल बांधताना जुना पाडला नाही. दोन्ही आजही शेजारी-शेजारी उभे आहेत.

जगभरातल्या बँका, विमा कंपन्या आणि सरकारी खाती सध्या असाच एक 'पूल' बदलायच्या मागे आहेत. हा पूल सॉफ्टवेअरचा आहे आणि त्यावरून रोज लोकांचे पैसे, पेन्शन आणि विम्याचे हप्ते जातात.

मेनफ्रेम आणि कोबोल म्हणजे काय?

मेनफ्रेम म्हणजे एकाच वेळी प्रचंड संख्येने व्यवहार हाताळणारा मोठा कॉम्प्युटर. 1964 मध्ये आयबीएमने 'सिस्टिम/360' बाजारात आणला आणि मोठ्या कंपन्यांचे हिशेब या मशीनवर जाऊ लागले. या मशीनवरचे बरेचसे प्रोग्रॅम 'कोबोल' या भाषेत लिहिले गेले. ही भाषा 1959 मध्ये आकाराला आली. धंद्याचे हिशेब डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली, साध्या इंग्रजी वाक्यांसारखी वाचता येणारी भाषा.

मशीन बदलत गेल्या, पण कोड तोच राहिला. नवा नियम आला की जुन्या कोडला नवं ठिगळ लावायचं. असं दशकानुदशकं चाललं. लिहिणारे लोक निवृत्त झाले आणि कागदोपत्री नोंदी अर्धवट राहिल्या. त्यामुळे अनेक ठिकाणी प्रोग्रॅम नेमका काय करतो, याचं खरं उत्तर फक्त त्या कोडमध्येच उरलं आहे.

याचा फटका एप्रिल 2020 मध्ये दिसला. कोरोनामुळे बेरोजगार भत्त्यासाठी अर्जांचा पूर आला तेव्हा अमेरिकेतल्या न्यू जर्सीचे गव्हर्नर फिल मर्फी यांनी कोबोल येणाऱ्या लोकांनी मदतीला यावं, असं जाहीर आवाहन केलं.

मग सरळ नवीन का नाही लिहीत?

कारण चूक महाग पडते. ब्रिटनच्या टीएसबी बँकेने एप्रिल 2018 मध्ये आपला सगळा कारभार एका शनिवार-रविवारात नव्या यंत्रणेवर हलवला. बँकेचे सुमारे 52 लाख ग्राहक होते. अनेकांना खातंच उघडता येईना आणि शाखांचंही काम विस्कळीत झालं. घडी बसायला डिसेंबर उजाडला. 2022 मध्ये तिथल्या नियामकांनी बँकेला 4 कोटी 86 लाख पौंडांहून जास्त दंड केला.

ही टूल्स नेमकं काय करतात?

म्हणून मधला मार्ग निघाला: आधी जुना कोड समजून घ्यायचा, मग तो तुकड्या-तुकड्यांत बदलायचा. हे काम हाताने करायला वर्षानुवर्षं लागतात, त्यामुळे त्यासाठी खास सॉफ्टवेअर वापरलं जातं. ढोबळ चार पायऱ्या असतात.

1. नकाशा काढणं: कोणता प्रोग्रॅम कुणाला बोलावतो, कोणत्या फाइलमधली माहिती कुठे जाते, हे शोधणं. कुणीच वापरत नसलेला कोडही इथेच सापडतो.

2. नियम बाहेर काढणं: 'हप्ता अमुक दिवस उशिरा आला तर तमुक दंड' असे नियम कोडच्या जंगलातून वेगळे करून माणसाला वाचता येतील असे मांडणं.

3. भाषांतर: तोच भाग जावासारख्या नव्या भाषेत आणणं.

4. ताळा करणं: तीच माहिती जुन्या आणि नव्या दोन्ही प्रोग्रॅमना देऊन उत्तर पैशापर्यंत जुळतं का ते पाहणं.

महाराष्ट्राचा यात काय संबंध?

बराच आहे. टीसीएसचे फकीरचंद कोहली यांच्या पुढाकाराने 1981 मध्ये पुण्यात टीआरडीडीसी ही संशोधन संस्था सुरू झाली. सॉफ्टवेअर वापरून सॉफ्टवेअर कसं लिहायचं आणि तपासायचं, हा तिथल्या संशोधनाचा मोठा विषय होता. टीसीएसची 'मास्टरक्राफ्ट' ही टूल्स याच कामातून पुढे आली. जुना कोड वाचून त्यातले नियम शोधणं आणि तो नव्या रूपात आणणं हा त्यांच्या कामाचा एक भाग. सन 2000 च्या 'वायटूके' काळात भारतीय इंजिनिअरांनी परदेशी कंपन्यांचा असाच जुना कोड ओळीन् ओळ तपासला होता.

आपल्या रोजच्या जवळचं उदाहरण रेल्वेचं. कारध्याच्या माणसाला लांबच्या गाडीसाठी वरठीच्या भंडारा रोड स्टेशनवर जावं लागतं. त्याचं आरक्षण 2025 मध्ये ज्या यंत्रणेतून होत होतं, ती 2010 मध्ये बसवलेली आणि आयटॅनियम सर्व्हरवर चालणारी. ती काही कोबोलची मेनफ्रेम नाही, पण दुखणं तेच: इंटेलने आयटॅनियम चिपचा पुरवठा 2021 मध्येच थांबवला. जून 2025 मध्ये रेल्वेने नव्या यंत्रणेची घोषणा केली. मिनिटाला 32 हजार तिकिटांची क्षमता दीड लाखांच्या वर नेण्याचं उद्दिष्ट त्यात होतं.

एआय आलं, मग प्रश्न सुटला?

वेग नक्कीच वाढला. आयबीएमने ऑगस्ट 2023 मध्ये कोबोलचं जावात रूपांतर करायला मदत करणारं एआय टूल जाहीर केलं. त्यानंतर ॲमेझॉननेही मेनफ्रेमसाठी असं साधन आणलं. कोड काय करतो, हे एआय काही मिनिटांत सांगू शकतं.

पण तो कोड तसा 'का' लिहिला, हे बरेचदा कोडमध्ये नसतं. 1987 मधली एखादी विचित्र अट ही चूक आहे की एखाद्या जुन्या परिपत्रकाचं पालन? ते खात्यातला जुना माणूसच सांगू शकतो. शिवाय एआयचं भाषांतर वाचायला अगदी बरोबर वाटतं आणि तरी एका ठिकाणी पैशांचं राउंडिंग चुकवतं. लाखो खात्यांत ती चूक पसरली की ती शोधणं कठीण. म्हणून खरा वेळ आणि पैसा चौथ्या पायरीवर, ताळ्यावर खर्च व्हायला हवा. नेमकी तीच पायरी घाईत कापली जाते.

तुमच्या बँकेचा 'यंत्रणा अद्ययावत होत असल्याने सेवा बंद राहील' असा मेसेज आला तर वैताग येणं साहजिक आहे. त्याआधी पासबुक भरून घ्या, स्टेटमेंट उतरवून ठेवा आणि नंतर शिल्लक एकदा जुळवून पाहा. शेवटचा ताळा खातेदारालाही करता येतो.