माझा दादा आयटीआयला आहे

गेल्या वर्षी आमच्या हाउसला नवे हाउसमास्टर आले. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी एकेकाला उभं करून घरची माहिती विचारली. माझी पाळी आली. "बड़ा भाई क्या करता है?" मी ताठ उभा राहून म्हणालो, "सर, इंजिनिअरिंग."

खरं उत्तर होतं, "सर, आयटीआय." पण माझ्या आधीच्या मुलाचा भाऊ एनडीएत होता आणि त्याच्या आधीच्या मुलाची बहीण एमबीबीएसला होती. तोंडाशी आलेला शब्द मी गिळला.

खोटं बोलणं कॅडेटला शोभत नाही, हे मला माहीत आहे. त्याबद्दल मी सरांची माफी मागितली आहे. पण त्या वेळी मला जी लाज वाटली, ती माझ्यात आली कुठून, याचा मी नंतर बराच विचार केला. माझ्या मते ती आपल्या शाळेतल्या बोलण्यातून आली. आणि हे बोलणं आपण बंद केलं पाहिजे.

आठवून बघा. प्रेपला कोणी डुलकी घेतली की काय ऐकू येतं? "ऐसे ही सोते रहोगे तो आयटीआय जाओगे." गणितात मार्क कमी पडले की सिनियर ज्युनिअरला तेच म्हणतो. घरी फोन केला की काही पालकही तेच म्हणतात. ऐकून ऐकून सहावीत आलेल्या मुलाचीही खात्री पटते, की आयटीआय म्हणजे नापास झालेल्यांना पाठवायची जागा. प्रत्यक्षात आयटीआय पाहिलेला मात्र आमच्या वर्गात एकही जण नव्हता. मीसुद्धा नव्हतो.

माझा दादा माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. त्यानेही सहावीसाठी या शाळेची प्रवेश परीक्षा दिली होती. थोडक्यात राहिला. पुढे माझ्या वेळी त्याने आपल्या जुन्या प्रश्नपत्रिका काढून रोज रात्री माझ्याकडून सोडवून घेतल्या. मी पास झालो तेव्हा गावात पेढे त्यानेच वाटले. दहावीनंतर त्याने तालुक्याच्या शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फिटर ट्रेड घेतला.

वार्षिक दिनाला तो बाबांबरोबर शाळेत आला होता. माझ्या मित्राने त्याला विचारलं, "भैया, इंजिनिअरिंग में कौन-सी ब्रांच?" दादाने एकदा माझ्याकडे बघितलं. मी खाली बघत होतो. तो म्हणाला, "मेकॅनिकल." एवढंच. नंतर स्टेशनवर जातानाही त्याने विषय काढला नाही. त्याने मला रागावलं असतं तर बरं झालं असतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आईने एकदा मला दादाचा विसरलेला डबा घेऊन आयटीआयला पाठवलं. निदेशकांनी आत येऊ दिलं. वरती पत्रा, खाली वीस-बावीस मुलं, प्रत्येकाच्या पुढे व्हाइसमध्ये पकडलेला लोखंडाचा तुकडा. त्याला ते जॉब म्हणतात. दादा कानस चालवत होता. दोन पट्ट्यांपैकी एकीला खाच आणि दुसरीला तिच्यात बसणारा दात करायचा होता. मोजमाप व्हर्नियरवर, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. काटकोन गुण्या लावून तपासायचा. शेवटी दोन्ही पट्ट्या एकमेकींत बसवून खिडकीच्या उजेडासमोर धरायच्या. मधून उजेड दिसला तर जॉब नापास.

दादाच्या जॉबमधून उजेडाची एक बारीक रेघ दिसली. निदेशकांनी जॉब परत दिला आणि म्हणाले, "पुन्हा." नवीन तुकडा, पुन्हा कापणं, पुन्हा कानस. दादा कुरकुरला नाही. मला आपले ड्रिलचे उस्ताद आठवले. सलामीत कोपर दोन बोटं खाली गेलं की तेही एवढंच म्हणतात. आपल्या ड्रिलला आपण शिस्त म्हणतो आणि तिचा अभिमान बाळगतो. ती मुलं तीच शिस्त लोखंडावर गिरवत होती, आणि त्यांच्यासाठी टाळ्या वाजवायला कोणी येत नाही. त्या दिवशी मी कानस हातात घेऊन बघितली. दहा मिनिटांत माझा तळवा लाल झाला आणि पट्टी मधोमध फुगीर झाली. दादा हसला. म्हणाला, "सपाट घासता यायला मला दीड महिना लागला."

आपल्यासारख्या शाळेत तरी आयटीआयला कमी लेखू नये, याला आणखी एक कारण आहे. या संस्थांचं मूळ सैन्याशी जोडलेलं आहे. दुसरं महायुद्ध संपत आलं तेव्हा, जुलै १९४५ मध्ये, सरकारने पुनर्वसन आणि रोजगारासाठी एक महासंचालनालय सुरू केलं. सैन्यातून मोकळ्या होणाऱ्या जवानांना आणि युद्धाच्या कामावरून कमी केलेल्या कामगारांना नव्याने उभं करणं हे त्याचं काम होतं. फाळणीनंतर निर्वासितांनाही त्याचा आधार मिळाला. पुढे १९५० साली शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली. आजचे आयटीआय त्याच योजनेखाली चालतात आणि देशभरात त्यांची संख्या १५ हजारांच्या आसपास आहे. म्हणजे ज्या व्यवस्थेची आपण टिंगल करतो, तिची सुरुवात घरी परतणाऱ्या फौजींसाठी झाली होती.

आणि आजची फौज? १९४३ साली उभ्या राहिलेल्या ईएमई दलाचं ब्रीद आहे 'कर्म ही धर्म'. रणगाडा, तोफ, रडार, ट्रक, सगळं चालू ठेवणं त्यांच्याकडे. त्या दलात सर्वांत खालच्या हुद्द्याच्या जवानाला शिपाई म्हणत नाहीत, क्राफ्ट्समन म्हणतात. बाबा पायदळात हवालदार होते. ते सांगतात, "घाटात गाडी बंद पडली की साहेबसुद्धा आधी विचारतात, ईएमईचा पोरगा कुठे आहे?"

काही मित्र म्हणतील, आयटीआयमध्ये सगळं चांगलंच आहे का? नाही. दादाच सांगतो, लेथ जुने आहेत आणि एका मशीनपुढे सहा-सहा मुलं थांबतात. काही खासगी संस्थांत मशीन नुसती दाखवायला असतात, असंही तो म्हणतो. शिकाऊ उमेदवारीत मिळणाऱ्या पैशांत शहरात खोली घेऊन राहणं कठीण. या तक्रारी खऱ्या आहेत. पण त्यावर उपाय म्हणजे चांगली मशीन आणि पुरेसे निदेशक. तिथे शिकणाऱ्या मुलाला हसून त्यातलं काही सुधारत नाही. शिवाय रस्ता तिथे संपत नाही. दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केलेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो.

दुसरं कोणी म्हणेल, आपण इथे ऑफिसर व्हायला आलो आहोत, आपला आयटीआयशी काय संबंध? संबंध दोन प्रकारचा आहे. जो ऑफिसर होईल, त्याच्या हाताखाली असे कारागीर असतील. ज्या कामाला आपण लहानपणापासून हसलो, ते करणाऱ्या माणसाशी उद्या आपण बरोबरीच्या मानाने बोलू शकू का? आणि जो ऑफिसर होणार नाही, त्याचं काय? आपल्या प्रत्येक बॅचमधले सगळे एनडीएला जात नाहीत, हे आपल्याला माहीत आहे, फक्त आपण ते बोलत नाही. राहिलेल्या मित्रांपैकी कोणी उद्या इलेक्ट्रिशियन किंवा वेल्डर व्हायचं ठरवलं, तर त्याच्यासाठी आपण आजच एक शिवी तयार करून ठेवली आहे. मग तोही माझ्यासारखा खोटं बोलेल.

म्हणून माझ्या दोन सूचना आहेत. पहिली, करिअर मार्गदर्शनाच्या दिवशी आपल्याकडे फौजी अधिकारी, डॉक्टर, इंजिनिअर येतात, तसे जवळच्या आयटीआयचे एखादे निदेशकही यावेत. दुसरी, नववीच्या प्रत्येक कॅडेटने वर्षातून चार शनिवार तिथल्या वर्कशॉपमध्ये घालवावेत. हाउसमधला मोडलेला स्टूल, गळणारा नळ, सैल झालेली कडी आपण स्वतः नीट केली, तरी पुष्कळ. पालकांनाही एक विनंती आहे. मुलाला घाबरवायला दुसरं काहीही सांगा, पण कुणाच्या शिक्षणाचं नाव घेऊ नका. ते शिक्षण घेणारं कोणी तरी त्याच्याच घरात असू शकतं.

हा लेख पाठवण्याआधी मी दादाला फोनवर वाचून दाखवला. वार्षिक दिनाचा परिच्छेद आला तेव्हा तो काही बोलला नाही. मागे मशीनचा आवाज येत होता. सगळं संपल्यावर तो म्हणाला, "माझं नाव घालू नकोस. पण ट्रेड नीट लिही."

फिटर, दुसरं वर्ष.