सब घोडे बारा व्होल्ट

गेल्या दिवाळीनंतर एका गॅरेजच्या खातेवहीत मी एक नोंद लिहिली. हिशेबाच्या दृष्टीने ती अगदी बिनचूक होती. नावे रक्कम, जमा रक्कम, तारीख, तपशील, सारे जागच्या जागी. तरीही लिहिताना हात अडखळला आणि आजही ती आठवली की मनाला टोचते. हा लेख त्या नोंदीविषयी आहे. परंतु ती समजण्यासाठी आधी दोन बॅटऱ्यांची आणि एका चार्जरची ओळख करून घ्यावी लागेल. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने विजेच्या भानगडीत कशाला पडावे, असे शास्त्र शाखेचे मित्र म्हणतील. त्यांनी शेवटपर्यंत वाचावे आणि मग खुशाल चुका काढाव्यात.

मोटारीची जी बॅटरी आपण लहानपणापासून पाहत आलो ती शिशाची. १८५९ साली गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने ती प्रथम तयार केली. शिशाच्या प्लेटा आणि गंधकाचे आम्ल, एका सेलचा दाब सुमारे दोन व्होल्ट, आणि असे सहा सेल मिळून बारा व्होल्ट. या बॅटरीला दोन खोडी आहेत. एक म्हणजे ती नुसती ठेवून दिली तरी हळूहळू उतरते. दुसरी म्हणजे उतरलेल्या स्थितीत पडून राहिली, की प्लेटांवर लेड सल्फेटचे कडक स्फटिक धरतात आणि मग ती पुन्हा पूर्ण भरत नाही. यावर जुना उपाय म्हणजे ट्रिकल चार्जर. महादेवाच्या पिंडीवर अभिषेकपात्रातून थेंब थेंब पाणी पडत राहावे, तशी हा चार्जर बॅटरीला थोडी थोडी वीज देत राहतो. जेवढी उतरते तेवढी भरत राहते आणि बॅटरी सदैव भरलेली राहते. शिशाच्या बॅटरीचे औषध ते हेच, आणि त्यात काही चूक नाही.

दुसरी बॅटरी लिथियमची. तिच्यात अनेक प्रकार आहेत. मोटार सुरू करण्यासाठी जो वापरतात तो प्रामुख्याने लिथियम, लोह आणि फॉस्फेट यांचा. या पदार्थावरचा मूळ निबंध १९९७ साली अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठातून प्रसिद्ध झाला. त्यावर तीन नावे आहेत : पाधी, नंजुंडस्वामी आणि गुडइनफ. यांपैकी जॉन गुडइनफ यांना लिथियम बॅटरीवरील कार्याबद्दल २०१९ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. मधले नाव आमच्या कन्नड विभागातील मित्रांच्या कानाला मुळीच परके वाटणार नाही.

या बॅटरीत ३.२ व्होल्टचे चार सेल असतात, म्हणजे १२.८ व्होल्ट. बाहेरून पाहिले तर तीही बाराच व्होल्टची. पण स्वभाव अगदी निराळा. ठेवून दिली तर ती फारच थोडी उतरते. सल्फेट धरण्याचा प्रश्नच नाही, कारण आत शिसेच नाही. सदैव काठोकाठ भरून ठेवलेले तिला मानवत नाही. थोडी कमी भरलेली असताना ती अधिक टिकते. भरतानाचा दाब साधारण १४.४ ते १४.६ व्होल्टपर्यंत ठीक, त्यापुढे तिला इजा होते. आणि शिशाच्या बॅटरीवरचे स्फटिक फोडण्यासाठी काही चार्जर मधूनमधून पंधरा-सोळा व्होल्टचे जे झटके देतात, ते हिला विषासारखे. शून्य अंशाखालच्या थंडीतही ती भरू नये. थोडक्यात, एका बॅटरीचे औषध ते दुसरीचे दुखणे.

आता ही बॅटरी स्पोर्ट्स कारमध्ये का घालतात? तर वजनासाठी. शर्यतीच्या धर्तीवर बांधलेल्या मोटारीत एकेक किलो वाचवायला पैसे मोजतात. पोर्श या जर्मन कंपनीने २००९ च्या नोव्हेंबरात जाहीर केले, की पुढच्या जानेवारीपासून ९११ जीटी३, जीटी३ आरएस आणि बॉक्स्टर स्पायडर या गाड्यांना मागणीप्रमाणे लिथियम बॅटरी मिळेल. तिचे वजन सहा किलोंहून कमी, नेहमीच्या ६० अँपिअर-तासांच्या शिशाच्या बॅटरीपेक्षा दहा किलोंहून अधिक हलकी. लांबी-रुंदी मात्र तीच, बसवण्याची जागाही तीच. कडक थंडीत ती अडून बसेल म्हणून कंपनी सोबत एक शिशाची बॅटरीही देत असे. म्हणजे एकाच खणात ऋतूप्रमाणे कधी ही, कधी ती. दोन्ही काळ्या पेट्या, दोन्ही बारा व्होल्टच्या. आपल्याकडे म्हणतातच, सब घोडे बारा टक्के. येथे सब घोडे बारा व्होल्ट!

येथे थोडे गणित करू, ते आमच्या शाखेचे काम. या लिथियम बॅटरीची क्षमता १८ अँपिअर-तास. गाडी बंद असली तरी तिचे घड्याळ, चोरघंटा, किल्लीची हाक ऐकणारे यंत्र ही मंडळी जागीच असतात. त्यांचा खर्च ५० मिलिअँपिअर धरू. दिवसाला झाले १.२ अँपिअर-तास. ६० चा साठा ५० दिवस पुरेल. १८ चा साठा १५ दिवसांत संपेल. म्हणजे लिथियमची बॅटरी स्वतः उतरत नाही, तिला गाडी उतरवते. मग औषध कोठे हवे? गाडी तीन महिने उभी राहणार असेल आणि चोरघंटेची गरज नसेल, तर दहा नंबरचा पाना घेऊन निगेटिव्हची वायर सोडून ठेवणे हा उत्तम उपाय. खर्च शून्य. चार्जरच लावायचा असेल तर तो लिथियमसाठीच बनवलेला हवा.

आता त्या नोंदीकडे येतो. संध्याकाळी ज्या गॅरेजचे हिशेब मी लिहितो, तेथे गेल्या पावसाळ्यात एका उद्योजकाची स्पोर्ट्स कार ठेवायला आली. मालक चार महिने परदेशी जाणार होते. गॅरेजच्या मालकांनी एक चार्जर विकत आणला आणि गाडी आमच्या मिस्त्रीमामांच्या स्वाधीन केली. मामा चाळीस वर्षे बॅटऱ्यांचेच काम करीत आले आहेत. शिशाच्या बॅटरीच्या नुसत्या उकळीवरून कोणता सेल गेला ते सांगतात. त्यांनी नेहमीप्रमाणे चार्जर लावला. पुढे पावसात वीज गेली. वीज परत आली, पण तो चार्जर पुन्हा बटण दाबल्याशिवाय सुरू होणारा नव्हता. तीन आठवड्यांनी मामांनी मीटर लावला, तर काटा शून्यावर.

लिथियमच्या बॅटरीत एक रक्षक सर्किट असते. बॅटरी फार उतरली की ते स्वतःच दार लावून घेते आणि बाहेरून मीटर शून्य दाखवतो. तो धोक्याचा इशारा असतो. मामांना शून्याचा अर्थ चाळीस वर्षांच्या अनुभवाने एकच ठाऊक : बॅटरी रिकामी, भरा. चार्जरला समोर व्होल्ट दिसेनात म्हणून तो सुरू होईना. तेव्हा त्यांनी शिशाच्या बॅटरीसाठी गॅरेजमध्ये सगळे करतात ती युक्ती केली. शेजारी एक चांगली बॅटरी जोडून चार्जरला चकवले. फार उतरलेल्या लिथियम सेलमध्ये आतले तांबे विरघळून पुढे आतल्या आतच शॉर्ट होऊ शकते. अशा सेलला जबरदस्तीने वीज पाजणे म्हणजे आगीशी खेळ. तासाभरात पेटी तापली आणि फुगली. मामांनी वेळीच चिमटे ओढून काढले म्हणून गॅरेज वाचले. बॅटरी गेली.

नव्या बॅटरीची किंमत ऐकून आम्ही गार झालो. गॅरेजमालकांनी ती भरली आणि मला सांगितले, ‘‘मिस्त्रीच्या नावावर लिही. महिन्याला थोडे थोडे कापून घेऊ.’’ मी लिहिले. मामा बाकावर बसून होते. म्हणाले, ‘‘चार्जर लावून ठेवलो होतो की रे तम्मा. तसंच सोडून दिलो नाही मी.’’ मी खोक्यावरची सूचना त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि कन्नडात म्हणाले, ‘‘ननग इंग्लिश बरंगिल्ल.’’ मला इंग्रजी येत नाही. मामा मराठी वाचतात, कन्नड वाचतात. दोन लिप्या जाणणारा माणूस त्या खोक्यापुढे निरक्षर ठरला होता.

खोक्यावर स्पष्ट छापले होते : फक्त शिशाच्या बॅटरीसाठी. आणि आता कबुली देतो. त्या चार्जरचे बिल मीच फाइलला लावले होते. खोके चार महिने माझ्या टेबलाखाली पडले होते. त्यावर मी पाय ठेवून बसत असे. मी मराठी माध्यमाचा, इंग्रजी अडखळत का होईना पण वाचतो. ते चार शब्द मला नक्कीच कळले असते. मी वाचले नाहीत, कारण ते माझे काम नव्हते. ज्याचे काम होते त्याला वाचता येत नव्हते.

माझे मत असे, की हे नुकसान मामांच्या नावावर पडायला नको होते. काही जण म्हणतील, कारागिराने चार अक्षरे इंग्रजी शिकावे. जरूर शिकावे, मीही शिकतोच आहे. पण साठीच्या माणसाने इंग्रजी शिकेपर्यंत नव्या बॅटऱ्या बाजारात यायच्या थांबणार आहेत काय? उलट तीन ओळी मराठीत आणि तीन कन्नडात छापायला कितीशी शाई लागेल? १९७१ च्या कीटकनाशक नियमांनी विषारी औषधाच्या डब्यावर हिंदी-इंग्रजीबरोबर प्रादेशिक भाषेतही सूचना मागितली, कारण डबा उघडणारा शेतकरी असतो हे सरकारला उमगले. चार्जरचा चिमटा हातात धरणारा कोण असतो, हेही उमगायला हवे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या ८४ व्या कलमात, योग्य वापराच्या पुरेशा सूचना किंवा चुकीच्या वापराबद्दलचा इशारा दिला नाही तर उत्पादक जबाबदार ठरू शकतो, असे तत्त्व आहे. वस्तूचे स्वतःचेच नुकसान त्यात धरत नाहीत, त्यामुळे आमच्या बॅटरीला त्याचा उपयोग नाही, हे मला ठाऊक आहे. पण ‘पुरेशी सूचना’ म्हणजे काय? मालकाला वाचता येईल ती, की काम करणाऱ्याला वाचता येईल ती? माझ्या मते दुसरी.

बेळगावात स्पोर्ट्स कार किती, असा प्रश्न कुणी विचारील. फार नाहीत. पण याच जातीची लिथियम बॅटरी आज घरच्या इन्व्हर्टरला येते, विजेच्या रिक्षांना येते, सौर दिव्यांना येते. जुनी शिशाची बॅटरी काढून त्याच जागी, त्याच वायरींना आणि पुष्कळदा त्याच जुन्या चार्जरला ती जोडली जाते. एका श्रीमंताच्या गाडीत जे झाले ते उद्या कोणाच्याही माजघरात होऊ शकते.

म्हणून एवढे तरी लक्षात असावे. बॅटरीवर ‘लिथियम’ असे लिहिलेले दिसले तर चार्जरवरही लिथियमचे नाव शोधा. नसेल तर लावू नका. झटके देणारे बटण बंद ठेवा. आधी तांबडा चिमटा पॉझिटिव्हला, मग काळा चिमटा गाडीच्या ठरवून दिलेल्या लोखंडी जागी, आणि सर्वांत शेवटी भिंतीवरचे बटण. काढताना याच्या उलट क्रम. वीज जाऊन आली की चार्जर सुरू आहे ना, ते पाहा. आणि मीटरने शून्य दाखवले तर जबरदस्ती करू नका. ती बॅटरी जाणकाराकडे न्या.

या ओळी मी एका जाड कागदावर लिहून गॅरेजच्या भिंतीवर लावल्या आहेत. खाली कन्नड मजकूर आमच्या कन्नड विभागातील एका मित्राने लिहून दिला. मामांनी दोन्ही वाचले आणि कन्नडातील एक शब्द बदलायला लावला. आमचा शब्द पुस्तकी होता, गॅरेजात तो कोणी बोलत नाही.

राहिली ती नोंद. ती रक्कम मिस्त्रींच्या खात्यावरून काढून गॅरेजच्या नुकसान खात्यावर टाकावी, असे मी मालकांना सांगून पाहिले. ते म्हणाले, ‘‘बघू.’’ मामांचे दोन हप्ते कापून झाले आहेत. तिसरा या महिनाअखेरीस आहे. त्याआधी मी पुन्हा एकदा विचारणार आहे.