पहिला घोडा घेताना

दत्तजयंतीच्या सुमाराला नंदुरबार जिल्ह्यात, तापीच्या काठी सारंगखेड्याला घोड्यांचा मोठा बाजार भरतो. मारवाडी, काठियावाडी, पंजाबी असे नाना जातींचे घोडे तिथे येतात. आपल्या विरार-वसईकडून जायचं तर सुरत-भुसावळ मार्गावरच्या दोंडाईचा स्टेशनला उतरून पुढे रस्त्याने जाता येतं. घोड्याचा धंदा आपल्या समाजात जुनाच आहे. टांगेवाले, कोचवान आपल्यात किती होते! नालबंद हे तर आजही कित्येक घराण्यांचं आडनाव आहे.

इथे तुळिंजमध्ये रिक्षा चालवणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या मनात घोडा भरला आहे. लग्नसराईत वराती करायच्या, सुट्टीच्या दिवशी कळंबच्या किनाऱ्यावर फेऱ्या मारायच्या, असा बेत. थोडी शिल्लक आहे, बाकी रक्कम अम्मीचे दागिने मोडून उभी करणार. "सर, बाजारात गेल्यावर काय बघू?" असं त्याने विचारलं. त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो, कारण दागिने मोडून धंदा सुरू करण्याचा विचार आपल्या बऱ्याच घरांत होत असतो.

पहिली गोष्ट, रंग आणि भोवरे बघून भुलू नये. अमुक जागी भोवरा असला तर घोडा शुभ, तमुक जागी असला तर मालकाला खाणारा, अशा समजुतींवर बाजारात भाव चढतात आणि पडतात. भोवऱ्याने घोडा चालत नाही, चालतो तो पायांनी. म्हणून आधी खूर उचलून पाहावेत. भेगा, दुर्गंधी, ओल दिसली तर सावध व्हावं. कडक जमिनीवर त्याला चालवून आणि दुडकवून पाहावं. एखादा पुढचा पाय टेकताना दर वेळी मान वर झटकत असेल तर तो पाय दुखतो आहे. वेदनाशामक सुई देऊन लंगडणं झाकता येतं, म्हणून सौदा एका भेटीत करू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जाऊन बघावं.

वय दातांवरून कळतं. पुढचे दुधाचे दात साधारण अडीच वर्षांपासून पडू लागतात आणि पाचव्या वर्षापर्यंत कायमचे दात पूर्ण येतात. पहिल्यांदा घोडा घेणाऱ्याने नवखं शिंगरू घेऊच नये. माणूसही शिकाऊ आणि जनावरही शिकाऊ, मग बँडच्या आवाजात दोघेही बिथरतात. नवरदेव पाठीवर असताना हे परवडणार नाही.

रक्ततपासणीशिवाय पैसे देऊ नयेत. ग्लँडर्स हा घोड्यांचा जीवघेणा आजार माणसालाही होतो आणि त्यावर लस नाही. पशुवैद्यकीय दवाखान्यात रक्त द्यावं. या तपासणीचं देशातलं मुख्य केंद्र हरियाणात हिसारला आहे. अहवाल यायला वेळ लागतो, पण घरात लहान मुलं असताना हा वेळ काढलाच पाहिजे.

सौद्याबद्दल आपल्याकडे दोन जुन्या गोष्टी आहेत. हजरत उमर (रजि.) यांनी एक घोडा पसंत करून चाचणीसाठी पळवला आणि त्यात तो जायबंदी झाला. त्यांना तो परत करायचा होता, मालक घेईना. लवाद म्हणून शुरैह यांना बसवलं. त्यांनी खलिफांविरुद्ध निकाल दिला: घेतला तसा परत करा, नाहीतर ठेवून घ्या. पुढे उमर (रजि.) यांनी त्यांनाच कूफ्याचं काजीपद दिलं. म्हणून फेरी मारण्याआधीच ठरवून घ्यावं की इजा झाली तर जबाबदारी कोणाची. दुसरी गोष्ट हजरत जरीर (रजि.) यांची. त्यांच्या माणसाने 300 दिरहमला घोडा ठरवला. घोडा जास्त किमतीचा आहे हे पाहून त्यांनी स्वतःच भाव वाढवत नेला आणि 800 दिरहम दिले. खरेदीदार इतका प्रामाणिक असू शकतो, तर विकणाऱ्याने निदान ऐब लपवू नये. लपवलेला ऐब निघाला तर माल परत करण्याचा हक्क शरीयतने खरेदीदाराला दिला आहे.

आता खर्चाकडे वळू. घोड्याची किंमत एकदाच द्यावी लागते, त्याचं पोट रोज भरावं लागतं. साडेतीनशे किलोच्या घोड्याला दिवसाला सुमारे सात किलो चारा-चंदी लागते, म्हणजे महिन्याला दोनशे किलोच्या वर. पाणी रोज पंचवीस ते चाळीस लिटर. आपल्याकडे माणसांनाच पाण्यासाठी नळाची आणि टँकरची वाट पाहावी लागते. दीड-दोन महिन्यांनी नाल बदलायची, रोज खरारा करायचा. वराती काही दिवसांच्या, भूक मात्र तीनशे पासष्ट दिवसांची.

आणि बांधणार कुठे? पावसाळ्यात तुळिंज रोडवर गुडघाभर पाणी भरतं ते आपण दरवर्षी बघतो. ओल्या, घाणेरड्या जागेत उभा राहिलेला घोडा खुरांतून सडू लागतो. चाळीच्या बोळात किंवा इमारतीच्या पार्किंगमध्ये तबेला होत नाही. शिवाय परवानगीचा प्रश्न आहेच. मुंबईतल्या व्हिक्टोरिया गाड्या आठवा. जून 2015 मध्ये उच्च न्यायालयाने त्या बेकायदा ठरवल्या. तबेल्यांचे परवाने हाही त्यातला एक मुद्दा होता. कित्येक कोचवान घरांची पिढ्यांची रोजी त्यात गेली. म्हणून आधी महापालिकेत चौकशी करावी, मग बाजाराचं तिकीट काढावं.

एक उंट रसूलुल्लाह (स.) यांना पाहून रडला, त्याचा मालक त्याला उपाशी ठेवून राबवत होता, आणि आपण (स.) त्या मालकाला अल्लाहचं भय बाळगायला सांगितलं, ही रिवायत आपण मुलांना सांगतो. मुकं जनावर ही अमानत आहे. त्याला उपाशी ठेवून मिळवलेल्या रोजीत बरकत कुठून येणार?

माझा सल्ला सरळ आहे. एक लग्नसराई दुसऱ्याच्या घोड्याबरोबर मजुरीने काम करावं. पहाटे उठून लीद काढावी, पोटदुखीने लोळणारा घोडा रात्रभर चालवावा, पावसाळ्यात त्याला सांभाळावं. एवढं झाल्यावरही मन मागे हटलं नाही, तर घरच्या सगळ्यांना बसवून हिशोब मांडावा. त्यात अम्मीचा शब्द शेवटचा असावा, कारण दागिने तिचे आहेत.