धावपट्टीवर म्हैस : दोष जनावराचा नाही, कुंपणाचा

6 नोव्हेंबर 2014 ची संध्याकाळ. सुरतहून दिल्लीला निघालेलं स्पाइसजेटचं विमान धावपट्टीवर वेगात होतं आणि अंधारात समोर आली म्हैस. विमानाची धडक बसून म्हैस मेली, इंजिनाचं नुकसान झालं. सुमारे 140 प्रवासी थोडक्यात वाचले.

तेव्हा लोक हसले. पण ज्याच्या दावणीला म्हैस आहे तो हसणार नाही. अंधारात काळं जनावर दहा हातांवरसुद्धा दिसत नाही. वैमानिकाला ते कुठून दिसणार? आणि म्हशीला काय ठाऊक, चराई कुठं संपते अन् धावपट्टी कुठं सुरू होते? वर्षभरानं, डिसेंबर 2015 मध्ये, मुंबईहून जबलपूरला उतरणारं विमान रानडुकरांना धडकून धावपट्टीबाहेर गेलं. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच होता : जनावर आत आलंच कसं?

घुसखोरी म्हणजे काय

उतरण्या-उडण्यासाठी राखलेल्या जागेत परवानगीशिवाय किंवा चुकून विमान, वाहन किंवा माणूस आला, तर त्याला धावपट्टीवरील घुसखोरी म्हणतात. जनावरांची नोंद वेगळी होते, पण धोका तोच.

आपल्या पुण्याचंच उदाहरण घ्या. 15 फेब्रुवारी 2020 ला एअर इंडियाचं विमान लोहगावहून दिल्लीला निघालं होतं. वेग ताशी 200 किलोमीटरच्या वर गेलेला आणि समोर जीप व माणूस दिसला. इतक्या वेगात ब्रेक मारून उपयोग नव्हता. वैमानिकानं वेळेआधीच विमान उचललं. शेपटीकडचा भाग घासला, पण विमान दिल्लीला सुखरूप उतरलं.

शब्द बरोबर, अर्थ चुकला

कुंपण पक्कं असलं तरी काम संपत नाही. 2 जानेवारी 2024 ला टोकियोच्या हानेडा विमानतळावर उतरणारं जपान एअरलाइन्सचं विमान तटरक्षक दलाच्या छोट्या विमानाला धडकलं. ते छोटं विमान भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालं होतं. मोठ्या विमानातले 379 जण जळत्या विमानातून बाहेर पडले, पण छोट्या विमानातल्या सहापैकी पाच जण गेले.

झालं काय होतं? टॉवरनं छोट्या विमानाला 'तुमचा नंबर पहिला' असं सांगून धावपट्टीच्या अलीकडं थांबायच्या जागेपर्यंत यायला सांगितलं. वैमानिकानं ते शब्द बरोबर परतही म्हणून दाखवले. पण समज झाला की आत जायची परवानगी मिळाली. विमान सुमारे 40 सेकंद धावपट्टीवर उभं होतं. टॉवरच्या पडद्यावर इशारा उमटला, तो कुणाच्या लक्षात आला नाही.

मुंबईत 8 जून 2024 ला एअर इंडियाचं विमान अजून धावपट्टीवरून उडत होतं, तोवर मागून इंदूरचं इंडिगो त्याच धावपट्टीवर उतरलं. अपघात टळला. नियंत्रकाला कामावरून बाजूला केलं, चौकशी लागली. पण एका माणसाला बाजूला केल्यानं चूक व्हायची थांबत नाही. ज्या धावपट्टीवर एकामागोमाग एक विमानं ये-जा करतात, तिथं माणसाच्या चुकीला अडवणारी दुसरी व्यवस्था लागतेच.

रेल्वे फाटकाचं बघा. गेटमननं फाटक लावलं की त्याच्यात आणि स्टेशन मास्तरात फोनवर नंबराची देवाणघेवाण होते, तो वहीत लिहिला जातो. नुसतं 'हो, लावलं' चालत नाही. विमानतळावरही तसंच हवं : ऐकलेलं परत म्हणणं, धावपट्टीच्या तोंडाशी जमिनीतले लाल थांबा-दिवे, आणि विमान किंवा जीप आत शिरली की पडद्यासोबत कानठळ्या बसवणारा इशारा. एक फळी चुकली तर दुसरीनं सावरावं.

आपल्या तालुक्यांचा काय संबंध?

संबंध आहे, आणि तो वाढतो आहे. 2025 मध्ये अमरावतीच्या बेलोऱ्याहून प्रवासी विमान सुरू झालं, सोलापूरहून पुन्हा सुरू झालं. शिर्डी आणि चिपी त्याआधीच सुरू झालेत. म्हणजे विमान आता शिवारापर्यंत आलंय.

पण सवयी जुन्याच आहेत. वर्षानुवर्षं रिकाम्या पडलेल्या धावपट्टीवर लोक सकाळी फिरायला जातात, पोरं गाडी शिकतात, कडेनं गुरं चरतात. भिंत बांधली की काही दिवसांत तिला भगदाड पडतं. त्यासाठी गावाला नावं ठेवणं सोपं आहे. मी ते करणार नाही. ज्या शेतकऱ्याची जमीन धावपट्टीच्या पलीकडं राहिली, त्याला बैलगाडी घेऊन लांबचा वळसा घालावा लागत असेल, तर तो भगदाड शोधणारच. म्हणून भिंतीआधी वहिवाटीचा रस्ता द्या. भिंत आपोआप टिकेल.

दुसरं, कचरा. विमानतळापासून 10 किलोमीटरच्या आत उघड्यावर कचरा टाकायला आणि जनावरं कापायला कायद्यानं बंदी आहे. पण कोंबडीच्या दुकानाची घाण ओढ्यात पडते, तिथं कुत्री जमतात, वर घारी फिरतात. कुत्र्यापायी काय होतं ते गोव्यात दिसलं : फेब्रुवारी 2024 मध्ये दाबोळीच्या धावपट्टीवर कुत्रं दिसलं आणि विस्ताराचं विमान न उतरता बंगळूरला परत गेलं.

तिसरं, विमानतळांवर धावपट्टी सुरक्षेसाठी समिती असते. तिच्या बैठकीला विमान कंपनी असते, टॉवर असतो. लगतच्या गावांचे सरपंच आणि पोलीस पाटील यांनाही बोलवा. भगदाड कुठं आहे हे गुराख्याला साहेबाआधी कळतं.

विमानतळ मागताना आपण मोर्चे काढतो, उद्घाटनाला हार घालतो. आता ग्रामसभेत एक साधा प्रश्न विचारू : आपल्या बाजूची भिंत धड आहे का? त्या विमानात उद्या आपलीच लेक बसलेली असेल.