शिकायला कसलेही चालते?

"शिकायला काय, कसलंही चालतं!" हे वाक्य ऐकले नाही असा विद्यार्थी विरळाच. सायकल शिकणाऱ्याला मोडकी सायकल देतात, चित्र काढणाऱ्याला झडलेला ब्रश देतात आणि वर हे वाक्य ऐकवतात. मीही ते ऐकले, खरे मानले आणि एक वर्ष फुकट घालवले. म्हणून हा लेखप्रपंच.

बारावीची परीक्षा संपली आणि मला मँडोलिन शिकायचे वेड लागले. घरात जुनी हिंदी गाणी सतत चालू असत. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतले लक्ष्मीकांत (१९३७-१९९८) मुळात मँडोलिनवादक, आणि संगीतकार सज्जाद हुसेन (१९१७-१९९५) तर या वाद्यावर राग वाजवत, हे समजल्यावर माझे वेड अधिकच वाढले. बाबा उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला आहेत. त्यांनी ओव्हरटाइमचे ३,२०० रुपये माझ्या हातावर ठेवले. दुकानदाराने एक चकचकीत, लाल-काळ्या रंगाचे मँडोलिन पुढे केले आणि तेच सुपरिचित वाक्य म्हटले. मी वाद्य घेऊन घरी आलो.

पुढचे वर्षभर मी रोज तास-दीड तास बसत होतो. बोटांना घट्टे पडले, पण गाणे काही जमेना. मोकळ्या तारा मोबाइलवरच्या ट्यूनरने नीट जुळत, पण बोट ठेवले की सूर भलतीकडे. माझ्या कानातच दोष आहे, संगीत हे आपले काम नव्हे, असे मी ठरवूनही टाकले.

एके दिवशी कन्नड विभागातला माझा मित्र घरी आला. तो व्हायोलिन शिकतो. त्याने वाद्य हातात घेतले, तार छेडली, बाराव्या पडद्यावर दाबून पुन्हा छेडली. घोडी थोडी सरकवून बारावा पडदा सुरात आणला. तरीही मधले तीन-चार पडदे बेसूरच. पडदेच चुकीच्या जागी ठोकलेले होते! तो म्हणाला, "इदु निन्न तप्पल्ल." यात तुझी चूक नाही. एवढ्या चार शब्दांनी माझे वर्षभराचे ओझे उतरले. संध्याकाळी बाबांना सांगितले, तेव्हा ते इतकेच म्हणाले, "साचाच वाकडा असला तर माल सरळ कुठनं येणार?"

माझे म्हणणे असे की, चांगल्या वाद्याची गरज उस्तादापेक्षा नवशिक्याला अधिक असते. उस्तादाला वाद्याचा दोष पहिल्या झंकारात कळतो. नवशिक्याला तो कळत नाही, म्हणून तो दोष स्वतःवर घेतो. पैसेवाल्याचा मुलगा अशा वेळी वाद्य बदलतो, आपल्यासारखा विद्यार्थी नाद सोडतो. किती जणांनी असा नाद सोडला असेल, याची नोंद कोणत्याही खतावणीत सापडणार नाही.

"मग घ्यायचं तर भारीतलंच घ्या," असे सांगणारेही भेटतात. तेही मला पटत नाही. आपण मराठीत 'अंथरूण पाहून पाय पसरावे' म्हणतो, कन्नडमध्ये 'हासिगे इद्दष्टु कालु चाचु' म्हणतात. दोन्ही भाषांनी एकच शहाणपण सांगितले आहे. प्रश्न इतकाच, की आहे त्या अंथरुणावर नीट झोपायचे कसे?

आम्हा कॉमर्सवाल्यांना भांडवली खर्च आणि महसुली खर्च यांतला फरक पहिल्याच वर्षी शिकवतात. वाद्य घेताना तोच उपयोगी पडतो. तारा, घोडी, खुंट्या या गोष्टी पुढे बदलता येतात. पडद्यांच्या जागा आणि दांडीचा सरळपणा मात्र आपल्या बजेटमध्ये दुरुस्त होत नाही. तेव्हा पैसा आणि लक्ष दोन्ही तिथे घालावे.

परीक्षा सोपी आहे. दांडीच्या टोकाकडून एक डोळा मिटून पाहावे. सुतार फळी पाहतो तसे. बाक वा पीळ दिसला तर वाद्य खाली ठेवावे. मँडोलिनला आठ तारा, चार जोड्या. त्या व्हायोलिनप्रमाणे जी, डी, ए, ई अशा लावतात. तारा जुळवल्यावर प्रत्येक जोडीचा सातवा पडदा पुढच्या मोकळ्या जोडीशी जुळला पाहिजे, आणि बारावा पडदा मोकळ्या तारेचा बरोबर वरचा षड्ज बोलला पाहिजे. बारावाच चुकत असेल तर घोडी सरकवून पाहावी. बहुतेक मँडोलिनांत ती चिकटवलेली नसते, फक्त तारांच्या दाबाने उभी असते. त्यानंतरही मधले पडदे चुकले तर त्या वाद्याचा मोह सोडावा. बाराव्या पडद्यापाशी तारा दोन मिलिमीटरच्या आसपास उंच असाव्यात. फार उंच असल्या तर बोटे सोलतात आणि सूरही चढतो. शेवटी एकेक पडदा दाबून कुठे खरखर येते का ते ऐकावे.

आता दिसण्याविषयी. गिब्सन कंपनीच्या १९२२ सालच्या एफ-५ या नमुन्यामुळे गोगलगाईसारखे वळण असलेला आकार फार प्रसिद्ध झाला. त्या वळणाने कोरीव काम वाढते, आवाज काही वाढत नाही. स्वस्त वाद्यात ते वळण दिसले, तर आपले पैसे कुठे गेले ते समजावे. थेंबासारखा साधा आकार आपल्याला पुरेसा आहे. वरची फळी अखंड लाकडाची असली तर आवाज सहसा अधिक खुलतो. नादछिद्राच्या कडेला थर दिसले तर ती प्लायवुडची. पण प्लायवुड आणि बरोबर पडदे हे अखंड फळी आणि चुकीचे पडदे यांपेक्षा कधीही बरे. यू. श्रीनिवास (१९६९-२०१४) यांचे कर्नाटक संगीत ऐकून कुणाला विजेवरचे मँडोलिन घ्यावेसे वाटेल. त्यांनी जोडतारा काढून पाच एकेरी तारांचे वाद्य वापरले, हे खरे. पण तसल्या वाद्याला अँप्लिफायर लागतो आणि तो खर्च वेगळा.

माझा हिशेब सांगतो. पहिले वाद्य मी त्यातला दोष सांगूनच ९०० रुपयांना विकले. तोटा २,३००, शिवाय एक वर्ष. सुट्टीत एका दुकानाच्या वह्या लिहून ६,५०० जमवले. त्यातून जुने, ओरखडे पडलेले, साध्या आकाराचे मँडोलिन ५,००० रुपयांना घेतले. हलक्या तारांचा संच ५००, घोडी आणि तारांची उंची बसवून घेण्याची मजुरी ६००, पिशवी ४००. सगळे पैसे वाद्यात घालून तारांना काही न ठेवणे ही दुसरी चूक, ती मी टाळली. फोटो पाहून घरपोच मागवण्याचा मोहही टाळला. फोटोत रंग दिसतो, सूर ऐकू येत नाही.

विद्यार्थी मित्रहो, वाद्य घ्यायला जाताना सोबत पैसा थोडा कमी असला तरी चालेल, पण कान असलेला एक मित्र जरूर न्या. तो मराठी विभागातला की कन्नड विभागातला, हे तारेला समजत नाही.

मी काही मोठा वादक झालेलो नाही. स्नेहसंमेलनात अजून मागच्याच रांगेत बसतो. पण आता सूर चुकला की तो माझ्या हातून चुकलेला असतो, आणि माझी चूक मला सुधारता येते.