मोठा आकडा आणि भातवडीचा तलाव

परवा पुण्याहून आलेला नातू मोबाईल घेऊन रुसून बसला होता. पोकेमॉन गो खेळात रेक्वाझा नावाच्या बलाढ्य प्राण्याला पाच मिनिटांत हरवायचं होतं. दोस्त सोबत असूनही वेळ संपली.

"पाठवलं कुणाला?" मी विचारलं.

"आबा, सगळ्यात मोठ्या सीपीचे ड्रॅगोनाइट!"

मग आम्ही दोघं प्रकारांचं कोष्टक घेऊन बसलो. रेक्वाझा ड्रॅगनही आणि उडणाराही. दोन्ही प्रकारांना बर्फ सोसत नाही, म्हणून बर्फाचा वार २.५६ पट लागतो. ड्रॅगनचा वार १.६ पट लागतो खरा, पण रेक्वाझाने उलट तसाच वार केला की ड्रॅगोनाइटलाही तो तितकाच झोंबतो. त्यापेक्षा कमी सीपीचा, केसाळ मॅमोस्वाईन बर्फाचे वार शिकवून पाठवलेला बरा.

माझं मत एवढंच, की गडी निवडताना आपला आकडा नव्हे, समोरचा पाहावा. आपल्या नगरजवळ भातवडीला १६२४ मध्ये मलिक अंबरने हेच केलं. मोगल आणि आदिलशाही फौज मोठी, म्हणून त्याने तलाव फोडून त्यांच्या वाटेत चिखल केला.

शाळेत मात्र मी वक्तृत्वापासून कबड्डीपर्यंत पहिल्या नंबराचाच मुलगा पाठवत असे. मागच्या बाकावरचा एक चपळ पोरगा दर वर्षी माझ्याकडे आशेने बघायचा. ते डोळे परवा आठवले.

असो. रविवारी नातू मॅमोस्वाईन घेऊन गेला आणि जिंकून आला. तुम्ही कधी असा चुकीचा गडी निवडलाय का?